जागेपणी कानाचा पडदा बसवताना

पडद्याला भोक आहे, ऑपरेशन करू म्हटलं की पेशंटचा पहिला प्रश्न 'पूर्ण भूल देणार ना?' मोठ्या माणसाच्या निव्वळ पडद्याच्या कामाला बहुतेक वेळा तिची गरज नसते. लहान मूल, फार घाबरट माणूस किंवा तासभर मान वळवून पडून राहू न शकणारा पेशंट असेल, तर मात्र हट्ट करू नये. दुसऱ्या कानानेही ऐकू येत नसेल तर 'हलू नका' सांगणार कसं, हेही आधी ठरवावं.

खरं कौशल्य फक्त कान बधिर करणारी भूल टोचण्यातच आहे. कानाला अनेक नसा येतात: पुढून जबड्याजवळची, मागून मानेतली, कानाच्या नळीच्या मागच्या भिंतीला व्हेगसची, म्हणजे घशाकडेही जाणाऱ्या नसेची, फांदी. म्हणून नळीत शस्त्र लागताच काहींना खोकला येतो. पडद्याआडच्या आतल्या पोकळीची नस तर चौथीच. त्यामुळे एका टोचणीत भागत नाही.

2 टक्के लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध, रक्तस्राव कमी करणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनसह. कानामागे आणि वर, जिथून फॅशिया (नव्या पडद्यासाठी स्नायूवरचा पातळ पापुद्रा) घ्यायची तिथे, 4-5 मिली. मग बारीक सुईने नळीत, मऊ भाग संपून हाड सुरू होतं तिथे, चारही बाजूंना जेमतेम अर्धा-अर्धा मिली. सुईचं तोंड हाडाकडे आणि हात अगदी सावकाश. कातडी पांढरी पडत पडद्यापर्यंत गेली की समजावं, बसली. घाई केली तर पाण्याचा फोड येतो आणि पडदाच दिसेनासा होतो. त्यानंतर दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर रक्त पुसण्यातच वेळ जातो. 50 किलोच्या माणसाला अ‍ॅड्रेनॅलिनसह 7 मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या हिशेबाने 350 मिलिग्रॅम, म्हणजे साडेसतरा मिली ही मर्यादा. एवढं लागतच नाही.

औषध चेहऱ्याच्या नसेपर्यंत झिरपलं तर तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही. काही तासांत उतरतं, पण नातेवाइकांना आधी सांगितलेलं बरं. चक्कर येण्याची कारणं दोन: धुण्याचं सलाइन थंड असणं, किंवा लिग्नोकेन आतल्या पोकळीत उतरणं. सलाइन अंगाइतकं कोमट हवं.

पुढचं काम ठरलेलं. भोकाची कड खरवडून ताजी करायची, म्हणजे तिथली जुनी कातडी निघते. ती राहिली तर पडदा जुळत नाही. मग नळीची कातडी पडद्यासकट मागून उचलायची, पडद्यामागच्या बारीक हाडांची साखळी हलते का पाहायची, जेलफोम (आपोआप विरघळणारा स्पंज) भरायचा आणि वाळवलेली फॅशिया खालून सरकवायची. पुढच्या कडेला आधार कमी पडला तर ती आत घसरते. फसलेल्या ऑपरेशनांत हे नेहमीचं. पेशंट जागा असल्यामुळे कुजबुजून विचारता येतं, ऐकू कसं येतंय.

घरी गेल्यावर जोरात नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस. टाके आठवड्याने काढायचे, ऐकण्याची तपासणी सुमारे तीन महिन्यांनी. आणि कोणी कितीही मायेने कोमट तेल घेऊन आलं, तरी कानात थेंबही जाऊ द्यायचा नाही.