बोरिवलीतली येळवस

मुंबईला ऋतू नाहीत, इथे फक्त घाम आणि पाणी, असं म्हणणाऱ्यांशी मी हल्ली भांडते. ऑफिसात हा जोक ठरलेला आहे, मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा होतोच. अंधेरीत भाड्याने राहत होतो तेव्हा मलाही काही वेगळं दिसत नव्हतं म्हणा, खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची डक्ट, त्यात एसीचे डबे आणि कबुतरं, त्यात कुठला वसंत नि कुठला शरद. मग बोरिवली पूर्वेला घर घेतलं, नॅशनल पार्कच्या बाजूला. बिल्डरने जंगलाच्या व्ह्यूचे पैसे स्क्वेअर फुटात लावलेलेच असतात, तर तो हप्त्याहप्त्याने वसूल करायचा असं मी ठरवलं आणि खिडकीत बसून चहा प्यायला लागले.

तर सांगायचं म्हणजे सगळे ऋतू येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पळस, पान एक नाही आणि नुसता लाल-केशरी कारभार. एप्रिल-मेमध्ये ताम्हण, आपलं राज्यफूल, शाळेत पाठ केलं होतं पण झाड ओळखता येत नव्हतं, ते आमच्या रस्त्याला फुटपाथवर उभं आहे. मग सोनमोहर, पार्क केलेल्या गाड्यांवर पिवळा सडा घालतो आणि गाड्या पुसणारा पोरगा त्याला शिव्या घालतो. पण मी लातूरची, त्यामुळे झाडाफुलांचं कौतुक असलं तरी माझं खरं लक्ष आभाळाकडे असतं.

लातूरच्या माणसाचं पावसाशी नातं जरा अवघड असतं. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी बघायला लोक स्टेशनवर गेले होते, टीव्हीवाले होते, हार-नारळ झाले. आमच्या घरी अजूनही भाज्या धुतलेलं पाणी कुंडीत जातं आणि मी इथेही तेच करते, नवरा म्हणतो अगं इथे चोवीस तास येतंय, तर येऊ दे की. लातूरला वर्षाला साडेसातशे-आठशे मिलीमीटर पडला की लोक खूश असतात. इथे सांताक्रूझला सरासरीच बावीसशेच्या वर. पहिल्या जूनमध्ये मला सवयच नव्हती, पाऊस सुरू झाला की हातातलं काम टाकून खिडकीत, आणि तो थांबेना, संध्याकाळपर्यंत थांबेना, शेवटी स्वयंपाक करावाच लागला. आई रोज फोनवर विचारते, "पडायलाय का गं?" मी म्हणते पडायलाय, ती म्हणते, "थोडा इकडं पाठव की." हे संभाषण दर वर्षी होतं आणि दोघींनाही त्याचा कंटाळा येत नाही.

पावसाच्या आधी पावशा ओरडायला लागतो. पेरते व्हा, पेरते व्हा. आमच्याकडे त्याचं ऐकून माणसं खरंच आभाळाकडे बघतात, बी-बियाण्याचे हिशेब सुरू होतात. इथे तो पहाटेपासून गळा फोडून सांगतोय आणि खाली अख्खी सोसायटी आठ-बाराच्या फास्टला पळतेय, कोण पेरणार, कुठे पेरणार, पण तो आपली ड्यूटी करतो. त्याच सुमाराला पार्कात नवरंग येतो. हा पक्षी पावसाळ्यापुरता इथे येतो, अंगावर खरंच एवढे रंग की कुणी बसून रंगवलाय, आणि दिसतो फार कमी, दोन सुरांची शीळ मात्र सकाळ-संध्याकाळ ऐकू येते. आता ती शीळ ऐकली की मी आधी गच्चीवरच्या गोधड्या उतरवते, वेधशाळेचं नंतर बघू.

जुलैच्या मध्यापासून मग पेपरात तुळशी तलाव भरून वाहू लागल्याची बातमी कधी येते ते मी बघत असते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला हा सगळ्यात छोटा, १८७९ साली पूर्ण झालेला, आणि तो आमच्या मागच्या डोंगरातच आहे. मुंबईकरांना ही बातमी म्हणजे पान तीनवरचा चौकोन. मी कात्रणाचा फोटो काढून लातूरच्या फॅमिली ग्रुपवर टाकते, मग काका विचारतात किती टीएमसी, तिथून मांजराची टक्केवारी निघते आणि दुपारपर्यंत ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं बंद असतात.

पण मला हे गाव खरं शिकवलं ते स्टेशनबाहेरच्या बायकांनी. पावसाळा लागला की पार्कातल्या पाड्यांवरच्या आणि पालघर बाजूने लोकलने आलेल्या आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात. प्लास्टिकचा एक तुकडा अंथरलेला, वर जुड्या, डोक्यावर छत्री नाहीतर नुसतंच इरलं केलेलं पोतं. भाजीवाल्याकडे बारा महिने फ्लॉवर असतो, त्यावरून तारीख कळत नाही. ह्यांच्या टोपलीवरून कळते. जूनच्या सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, कोवळा आहे तोवरच, मग फोडशी, कुड्याची फुलं, भारंगी, कंटोळी, बांबूचे कोवळे कोंब. टाकळ्याचं मला हसूच आलं, आमच्याकडे तो तरोटा, रस्त्याकडेला नुसता माजतो, विकत कोण घेतंय, आणि इथे मी पैसे देऊन दोन जुड्या घेतल्या, वर एक जास्तीची मागून घेतली.

शेवळं मी एकटीने घ्यायची हिंमत केली नसती. जांभळट-तपकिरी, लांब, बोटाएवढी, वर टोपी, एकंदर भाजी वाटतच नाही. शेजारच्या काकू मूळच्या केळव्याच्या, त्या म्हणाल्या, "अगं, काकडं घेतल्याशिवाय शेवळं घ्यायची नाहीत." काकडं म्हणजे हिरवी आंबट फळं, लहान आवळ्याएवढी, शेवळं विकणारी बाई मूठभर सोबतच देते. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात, त्याने घसा असा खाजतो म्हणे की पाणी पिऊनही थांबत नाही, आणि काकडांच्या आंबटाने ती खाज मरते. हे शास्त्र मी नंतर वाचलं, काकूंचं शास्त्र एवढंच की हाताला तेल लाव, वरचं पान काढ, बारीक चिर, भरपूर तेलात परत, काकडं ठेचून त्याचं पाणी घाल आणि मध्येच चव बघत बसू नकोस. त्यांनी त्यात कोलंबी घातली, मी वाल घातले. चवीचं वर्णन मला जमणार नाही. नवऱ्याने मटणासारखं लागतंय म्हणून सांगितलं आणि काकूंनी ते सर्टिफिकेट असल्यासारखं बिल्डिंगभर फिरवलं.

गौरींच्या वेळी मात्र माझी फे फे उडाली. आमच्याकडे त्या महालक्ष्म्या. उभ्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळी मुखवटे, कोथळ्या, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, आणि सोवळं एवढं कडक की आत्या दोन दिवस कुणाला शिवू देत नाही. तो सगळा डबाबंद संसार एसटीने मुंबईत आणला. काकूंकडे गौर आली तीच तेरड्याच्या रोपांच्या रूपात, मुळासकट उपटलेली गुलाबी फुलांची रोपं, त्यांना साडी नेसवली, दागिने घातले, झाली गौर. म्हणलं किती छान, सुटसुटीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडून डबा आला, नैवेद्य गं, आणि आत चिंबोरीचं कालवण. कोकण-मुंबईत बऱ्याच घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, माहेरवाशीण आलीय तर तिला आवडीचं नको का करायला, काकूंचा बिनतोड सवाल. आमच्या हॉलमध्ये महालक्ष्म्या बसलेल्या, पुरण शिजतंय आणि मी किचनच्या ओट्याशी उभी राहून चिंबोरीचा डबा हातात. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर आत्याला कळणार आणि आत्याला कळलं की देव्हारा परत लातूरला न्यावा लागेल.

नारळी पौर्णिमेला मी नारळीभात करते आणि विषय संपवते. समुद्र बोरिवलीलाही आहे, गोराईच्या बाजूला, पण मला त्याच्यात अजून गम्य नाही, मासेमारीची जून-जुलैची बंदी उठली हे मला काकूंच्या आवाजावरून कळतं. दसऱ्याचंही तसंच, रस्त्यावर आपटा म्हणून जे ढीग विकतात त्यातलं निम्मंअधिक कांचन असतं, पानं मोठी आणि पातळ, खऱ्या आपट्याचं पान लहान, जाडसर, रुंदीला जास्त. मी हे एका विक्रेत्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, सोनं कुठलं खरं असतं?" ह्यावर काय बोलणार, घेतलं.

कारवीबद्दल मात्र बोलायलाच हवं. हे झुडूप सात-आठ वर्षं गप्प असतं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी डोंगरभर एकदम फुलतं, जांभळं, आणि बी धरून मरून जातं. पार्कात ते २००८ ला फुललं, २०१६ ला फुललं आणि २०२४ ला फुललं. २०१६ म्हणजे आमच्याकडे रेल्वेने पाणी आलं तेच वर्ष, तेव्हा ह्या डोंगरात फुलांची गर्दी होती आणि आम्ही घागरी मोजत होतो. २०२४ ला मी इथे होते. गेलो पार्कात, पोरांना घेऊन, वर कान्हेरीपर्यंत. फुलं बघितली, मधमाश्या एवढ्या की पोरगी घाबरून बापाच्या खांद्यावर, पण मी अडकले ती लेण्यांत. शंभराहून जास्त लेणी आहेत तिथे आणि जवळजवळ प्रत्येकाला बाहेर पाण्याचं टाकं, डोंगरावर पडणारं पाणी खडकात खोदलेल्या पन्हाळींतून वळवून टाक्यात आणलंय. भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहायचे, आणि नंतरच्या आठ महिन्यांची सोय दगडात करून ठेवायचे. बावीसशे मिलीमीटरच्या मुलखात राहून हा हिशेब! मी वाकून वाकून टाकी बघत होते, गाईड बुद्धाची मोठी मूर्ती दाखवायला हाक मारतोय, नवरा म्हणतोय चल गं, आणि मला वाटत होतं ही माणसं लातूरची असली पाहिजेत.

पाड्यांवर ह्याच कारवीच्या काठ्यांचा कूड करून, वर शेणमाती लिंपून भिंती करतात. आता पुढची कारवी २०३२ च्या आसपास. आमचं लोन त्याच्या कितीतरी पुढे जातं. दोन फुलोरे होतील मधे.

आणि मग थंडी, म्हणजे मुंबईतली, स्वेटर घातला तर चालतो घातला नाही तरी चालतो अशी. सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचे मेसेज, कचरा बाहेर ठेवू नका, रात्री पोरांना एकटं सोडू नका. मागच्या उंबरावर सकाळच्या उन्हात हरियाल येऊन बसतात, राज्यपक्षी, थव्याने, पानांत इतके मिसळलेले की उडेपर्यंत कळत नाही. मार्गशीर्ष संपत आला की माझा जीव लातूरला जातो, कारण अमावस्येला येळवस. वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस, सगळे शेतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, आत पाच पांडवांचे दगड, ज्वारी कमरेएवढी, आणि जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणे, वाल, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, जे जे शेतात असेल ते, बेसन लावून शिजवलेलं. मुंबईत ऑफिसला ह्याची सुट्टी मागितली तर एचआरने कॅलेंडर उघडून दोनदा बघितलं.

मला वाटलेलं ओली तूर कुठली मिळणार इथे. बोरिवलीच्या मार्केटमध्ये गेले तर ढीग! सोललेली, पिशव्या भरून. कारण आमच्या मजल्यावरच्या गुजराती बेन आणि त्यांच्यासारख्या हजारोजणी त्याच महिन्यात उंधियू करतात, लीलव्याच्या कचोऱ्या करतात, त्यांना तीच तूर लागते, तीच पापडी, तोच ओला लसूण. भाजीवाली मला विचारते, "उंधियूला ना?" मी हो म्हणून टाकते, समजावत कुठे बसू.

यंदा येळवस गच्चीवर केली. चूल पेटवायला सेक्रेटरीने परवानगी दिली नाही, शेगडी चालेल म्हणाले. कोप केली नाही, कडबा बोरिवलीत मिळत नाही. पोरांनी पाच दगड आणून चुना लावला. काकूंनी वालाचं बिरडं आणलं, बेन उंधियूचं पातेलं घेऊन आल्या, भज्जी खाऊन बघितली आणि म्हणाल्या ये तो अपना ही है, बस तेल कम है, आणि खालून तेलाची वाटी मागवली. मी घालू दिलं नाही. ह्यावर पंधरा मिनिटं वाद झाला, तीन भाषांत. बाजरीचे उंडे पोरांनी तुपाबरोबर संपवले. आंबील मात्र कुणाला झेपली नाही, एकेकीने घोट घेऊन वा वा केलं आणि ग्लास हळूच टाकीच्या कट्ट्यावर ठेवला, मी सगळे मोजले आणि एका भांड्यात परत ओतले. आंबट झालेली दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.