‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

मावशीशी मारलेल्या गप्पांची ४२ रेकॉर्डिंग मी पेनड्राइव्हवर टाकली, प्रत्येकाचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) मूळ फाइलशी जुळवला, सगळे जुळले, आणि मग लॅपटॉपवरच्या मूळ फाइल पुसून टाकल्या. जागा कमी पडत होती. इथवर वाचून ‘आधी पडताळून बघायचं ना’ असं म्हणणाऱ्यांना सांगतो, बघितलं होतं.

तीन दिवसांनी तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला, तर नऊ फाइल बिघडलेल्या. सात फाइलींचा आकार शून्य. उरलेल्या दोघींचा आकार अगदी बरोबर, पण वाजवल्या तर एकीत नुसती खरखर आणि दुसरीत कधीच पुसलेल्या एका जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा. फॅटमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतीत, नव्या फाइलला क्लस्टर (जागेचे तुकडे) देताना ते आधी कोरे केले जात नाहीत. वर लिहिणं फसलं की खालचं जुनं तसंच राहतं.

कॉपी करणारी पायथन स्क्रिप्ट माझीच होती, त्यामुळे शिव्या द्यायला दुसरं कुणी नव्हतं. खरं तर एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. १.८ जीबी डेटा तिने ११ सेकंदांत संपवला होता. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग सेकंदाला ६० एमबी, म्हणजे सगळं आदर्श असलं तरी निदान ३० सेकंद लागणार. मी मात्र ‘वा, काय वेग आहे’ म्हणून खूश झालो.

लिनक्सवर ‘राइट’ (लिहिण्याची आज्ञा) यशस्वी झालं याचा अर्थ एवढाच की कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, डेटा आपल्या हातात घेतला. तो मेमरीतल्या पेज कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून राहतो आणि खरं लिहिणं मागाहून, सवडीने होतं. फाइल ‘क्लोज’ केल्यानेही तो ड्राइव्हवर पोचल्याची हमी मिळत नाही. आणि माझा तो चेकसम? फाइल परत वाचली तेव्हा कर्नलने ती त्याच कॅशमधून दिली. म्हणजे मी मेमरीची तुलना मेमरीशी करत होतो, पेनड्राइव्ह त्यात कुठेच नव्हता. इजेक्टसुद्धा रीतसर केलं होतं, त्यालाही वेळ लागला, पण तक्रार काही आली नाही. तक्रार होती ती कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत: ‘बफर आय-ओ एरर’ (लिहिण्या-वाचण्यातली चूक), आणि त्याच ओळीत पुढे ‘लॉस्ट असिंक पेज राइट’. तिकडे मी बघितलंच नव्हतं.

मग स्क्रिप्टमध्ये एफसिंक ही आज्ञा घातली. ते डेटा माध्यमावर जाईपर्यंत थांबतं आणि चूक झाली तर सांगतं. वर शहाणपणा म्हणून एक लूपही लावला: एफसिंक फसलं तर तीनदा पुन्हा प्रयत्न कर. हा लूप आधीच्या चुकीपेक्षा वाईट निघाला. लिहिणं फसलं की कर्नल कॅशमधली ती पानं (डेटाचे तुकडे) ‘स्वच्छ’, म्हणजे लिहून झालेली, समजून मोकळी करू शकतो. एरर एकदा कळवली की त्याचं काम संपलं. दुसऱ्यांदा एफसिंक केलं तर लिहायला काही उरलेलंच नसतं, म्हणून ते आनंदाने ‘ठीक’ म्हणतं. डेटा गेलेला असतो तो असतोच. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या मुरलेल्या डेटाबेसलाही हे २०१८ मध्ये उमगलं, आणि २०१९ च्या सुरुवातीपासून एफसिंक फसलं की तो पुन्हा प्रयत्न करत नाही, थेट कोसळतो आणि बदलांच्या स्वतःच्या लॉगवरून सावरतो. हे वाचून मला जरा धीर आला.

आता माझी स्क्रिप्ट पहिल्या एररला थांबते आणि मूळ फाइलला हात लावत नाही. सगळं सुरळीत झालं तर ड्राइव्ह अनमाउंट करायला (सिस्टिमपासून रीतसर सोडवायला) सांगते, मला तो उपसून परत लावायला लावते, आणि मगच चेकसम काढते. कंटाळवाणं आहे, पण कॅश रिकामी झाल्याची खात्री मिळते.

प्रत्येक एररचा अर्थ ड्राइव्ह मेला असा नसतो, हेही खरं. ‘फाइल टू लार्ज’ आलं तर फॅट३२ ची ४ जीबीची मर्यादा आड आलेली असते. एसडी कार्ड लिहूच देत नसेल तर बाजूची ती इवलीशी पट्टी सरकली आहे का ते आधी बघा. पण आय-ओ एरर आली, किंवा काम चालू असताना फाइलसिस्टिम अचानक ‘रीड-ओन्ली’ झाली, तर जबरदस्तीने पुन्हा लिहिता करायला जाऊ नका. फॅटची रचना बिघडलेली दिसली की आणखी नासाडी नको म्हणून लिनक्स स्वतःच हात आखडता घेतो. पेनड्राइव्हमधली नियंत्रक चिप, म्हणजे कंट्रोलरही, कधी कधी कायमचा लिहिणं बंद करतो. असा एक ड्राइव्ह माझ्याकडे आहे: फॉरमॅट केला की ‘यशस्वी’ म्हणतो, उपसून लावला की जुन्या फाइल जागच्या जागी.

बिघडलेल्या पेनड्राइव्हवर मी सरळ एफएसचेक (fsck, फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवणार होतो. ते स्वतःही लिहितं हे वेळेवर आठवलं. डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी पूर्ण इमेज, म्हणजे ड्राइव्हची हुबेहूब प्रत, काढली आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर केले. त्यातून काहीच हाती लागलं नाही, कारण जे ड्राइव्हवर कधी पोचलंच नाही ते सापडणार कुठून? सात रेकॉर्डिंग शेवटी रेकॉर्डरच्या कार्डावर मिळाली, अजून पुसली नव्हती म्हणून. दोन गेली. मावशी म्हणाली, पुन्हा सांगते की. सांगितलंही तिने, पण आधीच्या वेळी सांगताना ती मध्येच थांबून खळखळून हसली होती, ते या खेपेला आलं नाही.