तुम्ही विचारलंत म्हणून: क्लच घरी बदलता येतो का?

येतो. पण एवढं ऐकलं की विचारणारा पाने शोधायला पळतो आणि पुढचं ऐकतच नाही. म्हणून आज पुढचंच लिहितो. गाडी अल्टोसारखी धरा: इंजिन आडवं, क्लचला केबल.

आधी केबल बघा. पेडलला फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, उरला नसेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि चांगली क्लच प्लेटही घसरते. केबलचा नट फिरवून भागलं असतं तिथे गिअरबॉक्स उतरवणारे महाभाग आहेत. प्ले ठीक असून चढावर इंजिन नुसतंच ओरडत असेल, तर प्लेट गेली.

गिअरबॉक्स उतरवण्यात कष्ट आहेत, डोकं फारसं नाही. आधी काढायचं: बॅटरीची निगेटिव्ह, गिअर ऑइल, ड्राइव्ह शाफ्ट, स्टार्टर, केबली, माउंटिंग. इंजिनाला खालून आधार द्या. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) हवी. नुसत्या जॅकवर असेल तर खाली शिरायचं नाही, यावर मी वाद घालत नाही. प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या कव्हरचे) बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा ढिले करा, नाहीतर स्प्रिंगच्या ताणाने कव्हर वाकतं. आतली काळी धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या प्लेटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

नव्या प्लेटचा स्प्रिंगवाला फुगीर भाग प्रेशर प्लेटकडे. स्प्लाइनला, म्हणजे प्लेटच्या मधल्या हबच्या दातांना, ग्रीस नखभर, जास्त नको. उडून लायनिंगवर (प्लेटच्या घासणाऱ्या अस्तरावर) गेलं की गाडी जागेवरून निघताना थरथरते, आणि शिव्या प्लेटच्या कंपनीला बसतात.

आता गिअरबॉक्स वर चढवायचा. इथेच बहुतेकांचं काम फसतं. सगळं जुळतं आणि बोटभर फट उरते. हात भरून आलेले असतात, खाली धरणारा कुरकुरत असतो, आणि तेव्हा ती हुशारी सुचते: बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या तोंडाचे) बोल्ट लावू आणि आवळून ओढून घेऊ. नका. फट उरली म्हणजे एकतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दात हबच्या दातांवर अडलेत किंवा प्लेट मध्यावर नाही. आवळलंत की अ‍ॅल्युमिनियमचा कान (हाउसिंगवरची बोल्टची जागा) तुटतो, नाहीतर प्लेटचा हब वाकतो. कान तुटलेला निदान दिसतो. हबचं कळतं ते सगळं जोडून, ऑइल भरून, चाकं लावल्यावर: क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स खरखरतो. मग सगळं परत खाली. बॉक्सचं वजन शाफ्टवर लोंबकळू दिलंत तरी हेच होतं. त्यापेक्षा फटीतून चौफेर बोट फिरवा. वर-खाली सारखी लागेपर्यंत बॉक्सचा कल बदला. मग कुणाला तरी क्रँक पुली (इंजिनाच्या दुसऱ्या टोकाची चकती) पान्याने किंचित फिरवायला सांगा. दात जुळले की बॉक्स हाताच्या जोरावर सरकतो. हाउसिंगचे तोंड इंजिनाला टेकल्याशिवाय बोल्ट आवळायला पाना उचलू नका.

प्लेट अंदाजाने मध्यावर बसते, प्लेट मध्यावर धरणारं टूल कशाला, असं मीच वर्षानुवर्षं सांगत आलो. बसते, कधी कधी. आता सांगतो, प्लास्टिकचं का होईना, टूल घ्या. तरी ज्याचा हात बसलाय त्याला चूक म्हणवत नाही.

आणि क्रँकचं मागचं ऑइल सील (इंजिनाचं तेल अडवणारी रिंग) कोरडं असेल तर बदलायचं का? ठेवलं आणि नंतर गळलं, तर तेल नव्या प्लेटवर. बदललं आणि तिरकं बसलं, तरी तेल नव्या प्लेटवर. मागच्या वेळी विचारलंत तेव्हा 'बदला' म्हणालो होतो. आज म्हणेन, कोरडं आहे तर हात लावू नका.