तुम्ही विचारलंत म्हणून: या बंदुका घासत का नाही?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक मराठी पाहुणा भिंतीकडे बघून हेच विचारतो, "एवढ्या किमतीच्या बंदुका, मग घासूनपुसून लख्ख का नाही करत?" प्रश्न रास्त आहे. आपण देवाची उपकरणी चिंच लावून घासणारी माणसं. काळवंडलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात. मी बर्मिंगहॅमला राहते आणि साधारण १७८० ते १८२५ या काळातल्या इंग्लिश शिकारी बंदुका जमवते. चकमकीवर उडणाऱ्या, नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या, लोखंडावर नक्षी कोरलेल्या. चहा होईपर्यंत देता येईल असं हे उत्तर नाही, म्हणून लिहूनच काढलं.

आधी नळीचं. तिच्यावरचा तपकिरी रंग मळ नाही, मुद्दाम चढवलेला गंज आहे. चांगली नळी बनवायची तर लोखंडाची पट्टी सळईभोवती पीळ देत गुंडाळायची आणि तापवून, ठोकून एकजीव करायची. उत्तम नळ्यांसाठी घोड्याच्या नालांचे जुने खिळेसुद्धा या लोखंडात घालत. नळी तयार झाली की तिच्यावर आम्लाचं पाणी फिरवायचं, गंज धरू द्यायचा, तारेच्या ब्रशने खरवडायचा, पुन्हा पाणी फिरवायचं. असं कित्येक दिवस. शेवटी उकळत्या पाण्याने तो गंज तिथेच थांबवायचा. यामुळे उन्हात नळी चकाकून पक्ष्यांना चाहूल लागत नाही आणि लोखंडातला पीळ लाकडाच्या रेषांसारखा वर दिसू लागतो. आता अशा नळीवर कोणी पॉलिश पेपर फिरवला तर काय जातं? कारागिराचं शेवटचं काम जातं. उरतो तो निव्वळ चकचकीत पाइप.

नक्षीचं प्रकरण त्याहून नाजूक. माझ्याकडे एक साधी एकनळी आहे. तिच्या लॉकच्या पट्टीवर, म्हणजे घोडा आणि रंजकाची (बार पेटवणाऱ्या बारीक दारूची) वाटी जिच्यावर बसवलेली असते त्या लोखंडी पट्टीवर, कडेने दुहेरी रेघ आहे, शेपटाकडे किरणं फाकलेला अर्धा सूर्य आहे आणि चापाभोवतीच्या कड्यावर दबा धरून उभा असलेला शिकारी कुत्रा. कड्याच्या पुढच्या टोकाला अननस, त्या काळच्या इंग्लिश बंदुकांवरचा नेहमीचा. भिंग लावून कुत्र्याकडे बघितलं की पाठीवरची प्रत्येक केसरेघ वेगळी दिसते. सुरुवातीला बारीक, मधे दाबलेली, शेवटी हात उचलताना पुन्हा बारीक. पोटाखाली मात्र सगळं पुसट, कारण बंदूक हातात धरून चालताना बोटं तिथेच घासतात. घोडा मागे ओढला की त्याच्या आडोशाला राहिलेला पट्टीचा तुकडा दिसतो आणि तिथली रेघ कालच कोरल्यासारखी धारदार असते.

मला हवं असतं ते नेमकं हेच. झीज हाताच्या जागी आणि धार आडोशाच्या जागी. या दोन गोष्टी जुळल्या तर बंदुकीला कोणी छेडलेलं नाही अशी माझी खात्री पटते. कोरताना पट्टी मऊ असते. नक्षी झाल्यावर ती हाडं आणि चामड्याच्या कोळशात पुरून लालबुंद तापवतात आणि पाण्यात बुडवतात. मग वरचा पापुद्रा काचेसारखा कठीण होतो आणि त्यावर निळे, राखाडी, तपकिरी ढग उमटतात. ते ढग अगदी वरवरचे. घासलं की सर्वांत आधी जातात ते, त्यामागोमाग रेघांच्या कडा. नक्षी फिकी पडली की पुढचा मालक ती कोणाकडून तरी पुन्हा खोल करून घेतो. अशी बंदूक मी कितीही स्वस्त मिळाली तरी घेत नाही. सगळ्या रेघा एकाच खोलीच्या, तळाशी उजळ, आणि बोटांनी झिजायला हवी तिथेही करकरीत. कुत्रा तोच, पण कोरणारा हात राहिला नाही.

आणि तो हात कोणाचा, हे बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं. लॉकवर नाव असतं दुकानाचं. बर्मिंगहॅमच्या धंद्यात नळी ठोकणारे वेगळे, दस्ता घडवणारे वेगळे, कोरणारे वेगळे. लॉक तर बरेचदा जवळच्या डार्लस्टन आणि वेन्सबरी या गावांतून कानशीने घडवून यायचे. लहान गावांतले बंदूकवाले इथून तयार लॉक मागवून त्यावर आपलं नाव कोरून घेत. कोरणाऱ्याची सही म्हणजे त्याची रेघ, दुसरी सही नाही. ती पुसायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही.

माझी आवडही यातूनच ठरत गेली. फ्रान्समध्ये वर्सायच्या निकोला-नोएल बूतेने सोन्याचांदीने मढवलेल्या बंदुका घडवल्या. संग्रहालयात त्यांच्यासमोर मी खूप वेळ उभी राहते. पण लंडनच्या जोसेफ मॅन्टनची बंदूक मला जास्त जवळची. कोरकाम मोजकंच, आणि जिथे आहे तिथे एकही रेघ फुकट नाही.

घेताना आणखी एक सापळा असतो. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोरसाइथ या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणारी दारू बंदुकीत वापरायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. चकमकीची ठिणगी आणि रंजकाचा धूर बघून पक्षी सावध होतात, हीच त्याची तक्रार होती. पुढे टोपीच्या, म्हणजे अशी दारू भरलेल्या छोट्या टोपीवर घोडा आपटून उडणाऱ्या, बंदुका आल्या आणि चकमकीच्या कितीतरी बंदुका टोपीच्या करून घेतल्या गेल्या. नंतर जमवणाऱ्यांकडून भाव येतो म्हणून त्यातल्या काही पुन्हा चकमकीच्या केल्या. तिथेही नक्षीच चुगली करते: वाटीजवळची रेघ मधेच तुटते, नाहीतर बुजवलेलं भोक फुलाच्या पाकळीत डोकावतं.

दसऱ्याला आमच्याकडे त्यांची पूजा होते. हळदकुंकू आणि झेंडू समोरच्या ताटात, लोखंडावर नाही. एरवी सुती हातमोजे घालायचे, मऊ फडक्याने धूळ टिपायची आणि संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावायचं. घामाने लोखंडावर बोटांचे ठसे उठतात, म्हणून पाहुण्यांनाही मोजे देते.

गावाकडे माळ्यावर एखादी ठासणीची बंदूक असेल, तर घासायच्या आधी एक बघा. अशा कितीतरी बंदुका आत बार तसाच ठेवून अडगळीत टाकलेल्या असतात. नळीच्या तोंडासमोर उभं न राहता लाकडी काठी हलकेच आत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि काठी बाहेरून नळीवर धरून बघा. काठीचं टोक कानापासून, म्हणजे ठिणगी आत जाते त्या भोकापासून, थोडं जरी अलीकडे थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. मग काठी ठोकायची नाही, गरम काही लावायचं नाही. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला बोलवायचं. परवान्याचं काय ते पोलीस ठाण्यात विचारा, आणि ती माझ्यासाठी इकडे पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर नेणं १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात बसत नाही. फोटो पाठवा, आत बार नाही याची दुरुस्तीवाल्याकडून खात्री झाल्यावरच घोडा मागे ओढून, आडोशाच्या बाजूचा.