तुम्ही विचारलंत म्हणून: जवळ बाळगायला कोणती घेतली आणि कशी बघून घेतली

नाशिकच्या सराफ बाजारात आमचं दुकान आहे आणि माझ्याकडे लायसनची रिव्हॉल्वर असते हे ओळखीतल्या बऱ्याच जणांना माहितीये, त्यामुळे कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतंच. कधी बाजारातलेच एखादे शेठ, कधी पिंपळगावकडचे द्राक्ष बागायतदार, मध्ये तर एका डॉक्टर बाईंनी लग्नाच्या पंगतीत विचारलं, की ताई तुम्ही जुनी देऊन नवीन घेतली म्हणे, कोणती घेतली, रिव्हॉल्वर बरी का पिस्तूल, आणि दिवसभर अंगावर ठेवता कशी, कोणाला दिसत कशी नाही. उभ्याउभ्या सांगून होण्यासारखं ते नाहीये, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

मी प्रबल नावाची रिव्हॉल्वर घेतली. पण नुसतं नाव कळून तुम्हाला काही उपयोग नाही, कारण माझा हात वेगळा, तुमचा वेगळा. माझ्या मते बघायच्या गोष्टी दोनच. सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री घरी पोचेपर्यंत ती अंगावर राहते का, आणि हॅमर, म्हणजे मागचा घोडा, अंगठ्याने मागे न ओढता नुसता ट्रिगर दाबून तुमचं बोट ती सरळ चालवू शकतं का. लोक उलटं करतात, आधी कोणाची तरी बघून मॉडेल ठरवतात, लाखाच्या वर पैसे घालतात आणि मग ती कपाटात पडून राहते, फक्त रिन्यूअलला बाहेर निघते. कपाटात राहणार असेल तर कशाला घ्यायची?

आता मिळतं काय ते बघू. सिनेमात दिसणारी ९ एमएम आपल्याला लायसनवर मिळत नाही, तो प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य लायसनवर बंदी असलेलं नळीचं माप. सामान्य माणसाचं बहुतेक काम .३२ या मापावर चालतं. यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, रिव्हॉल्वरची .३२ आणि पिस्तुलाची .३२ ही काडतुसं वेगवेगळी आहेत, एकमेकांत वापरायची नाहीत, खरेदी करताना लायसन पुढे ठेवून स्पष्ट सांगायचं. सरकारी कारखान्यांच्यात कानपूरची जुन्या पद्धतीची मार्क थ्री आहे, जी मधून बिजागरीसारखी मोडून उघडते आणि उघडली की रिकामी काडतुसं आपोआप वर येतात. २०१४ ला आलेली निर्भीक टायटॅनियम मिश्रधातूची, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, तेव्हाच तिची किंमत सव्वा लाखाच्या जवळ होती आणि बायकांसाठीची रिव्हॉल्वर म्हणूनच ती आणली होती. २०२३ ला प्रबल आली, ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि तिचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसतात तो फिरता भाग, बाजूला उघडतं. पिस्तुलात अशनी आहे. बाकी काही खाजगी कंपन्यांचंही आता येतंय.

पिस्तूल चपटं असतं, कपड्यात कमी दिसतं, गोळ्याही जास्त बसतात, हे सगळं खरंय. पण त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला जोर लागतो आणि मला उजव्या मनगटाचा जुना त्रास आहे. शिवाय पिस्तूल बाळगायचं तर गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे झाडायला तयार, ठेवायची का नाही हे ठरवावं लागतं. ठेवली तर सेफ्टीची सवय हाडात भिनलेली पाहिजे, नाही ठेवली तर ऐन वेळी दोन्ही हात मोकळे पाहिजेत, आणि माझ्या एका हातात बहुतेक वेळा दागिन्यांची बॅग असते. रिव्हॉल्वरला एक हात पुरतो. एखादी गोळी उडालीच नाही तर परत ट्रिगर दाबला की पुढची समोर येते, पिस्तुलात तिथे अडकून बसतो. रोज रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, जाणारा तरुण माणूस असेल तर त्याने पिस्तूल खुशाल घ्यावं, पण ज्यांना दुकान सांभाळून वर्षातून थोडाच सराव होणार आहे त्यांनी रिव्हॉल्वरच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

वजनावरून बायका फार फसतात. हलकी ती चांगली असं आपल्याला वाटतं, दुकानदारही तेच सांगतो, पण काडतूस तेच राहिलं आणि हत्यार हलकं झालं की झटका हातालाच जास्त बसतो. बाळगायला हलकी बरी, झाडायला जड बरी, यातलं मधलं कुठलं ते आपापलं बघावं लागतं. मी घरी काय केलं, कापडी पिशवीत वाळू भरली, सहा राउंड धरून पाऊण किलोच्या थोडं वर वजन केलं आणि ती पिशवी कमरेच्या पट्ट्यात घालून रोजची कामं केली. जिने चढले, स्कूटर चालवली, तिजोरीसमोर उकिडवी बसले. पहिले दोन दिवस कंटाळा आला, मग सवय झाली. हा प्रयोग फुकट आहे आणि लायसन यायच्या आधीही करता येतो, तरी कोणी करत नाही.

पर्सबद्दल सगळ्या बायका विचारतात. पर्समध्ये ठेवू नका. पर्स आपण काउंटरवर ठेवतो, मंगल कार्यालयात खुर्चीला अडकवतो, पोरं त्यात चॉकलेट शोधतात. आणि कॉलेज रोड काय किंवा गंगापूर रोड काय, गाडीवरून येऊन हिसकायचीच वस्तू म्हणजे पर्स, म्हणजे चोराला पैसे आणि हत्यार दोन्ही एकदम द्यायचं, वर पोलीस स्टेशनला उत्तर आपण द्यायचं. मी साडी फक्त सणाला आणि मुहूर्ताला नेसते, त्या दिवशी रिव्हॉल्वर लॉकरमध्ये, कारण परकराच्या नाडीवर वजन धरत नाही आणि ऐन वेळी पदराखालून काढता येत नाही. एरवी लांब सैलसर कुर्ता, आत रुंद इलॅस्टिकचा पट्टा आणि त्यात ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, म्हणजे हत्याराचं म्यान. ट्रिगर झाकलेला असणं हे मऊ-कडक, महाग-स्वस्त या सगळ्याच्या आधी. पुरुषांना सोपं आहे, जाड चामड्याचा पट्टा घ्या, पातळ फॅन्सी पट्टा वाकतो आणि मूठ बाहेर लोंबते, शर्ट इन करणाऱ्यांनी तर विसराच. गडद आणि नक्षीच्या कापडाखाली उभार दिसत नाही, पांढऱ्या कॉटनखाली लगेच दिसतो.

झाकून ठेवणं हा हौसेचा प्रकार नाहीये. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हॅन्डगन होल्स्टरमध्येच पाहिजे आणि ती काढून मिरवायला, कोणाला दाखवायला सक्त मनाई आहे. वरातीत हवेत गोळी झाडली तर आर्म्स अ‍ॅक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीत एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं आणि लायसनची मुदत पाच वर्षं असं झालं. ज्यांना चारचौघांत दाखवायलाच हवीय त्यांना मी सरळ सांगते की घेऊ नका, मला राग येतो त्या फोटोंचा.

आता दुकानातलं. आपल्याकडे घ्यायच्या आधी झाडून बघता येत नाही, लायसनसाठी ट्रेनिंगचा कोर्स करावा लागतो तेवढ्यात जे हातात येईल तेच. म्हणजे डीलरच्या काउंटरवरचा अर्धा-पाऊण तास हीच काय ती तुमची परीक्षा, तिथे भीड धरायची नाही. आधी डीलरला उघडून दाखवायला सांगा, स्वतः सगळे सहा कप्पे बोट घालून रिकामे असल्याची खात्री करा, मग हातात घ्या. मूठ जेवढी वर धरता येईल तेवढी वर धरायची आणि बघायचं की पहिल्या बोटाचं पेर ट्रिगरवर नीट पोचतंय का. माझी बोटं आखूड, मार्क थ्रीच्या घडणीच्या एकीवर मला पंजा फिरवून धरावा लागत होता, तो विषय तिथेच संपला. मग डमी राउंड, म्हणजे न उडणारी खोटी काडतुसं, मागायचे, हात लांब करून समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नेम धरायचा आणि हॅमरला हात न लावता सावकाश ट्रिगर दाबायचा, परत, परत, बोट दमेपर्यंत. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, शेवटच्या क्षणी खाली किंवा बाजूला झटकते का ते बघत राहायचं. हॅमर आधी ओढून ठेवला की ट्रिगर हलका लागतो आणि सगळ्याच छान वाटतात, दुकानात लोक तसंच करून बघतात, पण भीतीने हात थरथरत असताना हलका ट्रिगर ही धोक्याचीच गोष्ट आहे.

त्यानंतर मशीन तपासायची. हॅमर अगदी हळू मागे ओढत सिलिंडर प्रत्येक कप्प्याला टक् करून बसतं का, सहाही वेळा, पाच वेळा नाही. ट्रिगर दाबून धरून सिलिंडर हलवून बघायचं, किंचित हालचाल चालते, खुळखुळ नको. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट उजेडासमोर धरून सगळीकडे सारखी आहे का. हॅमर मागे ओढलेला असताना अंगठ्याने मागून पुढे रेटायचा, तो सुटता कामा नये. नळीतून टॉर्च मारून बघायचं. आणि शेवटी नंबर, हत्यारावरचा, बिलावरचा आणि लायसनवर चढवलेला, अंक अन् अंक जुळवायचा. माझ्या डीलरने तीन नग समोर ठेवले होते, एकाच मॉडेलचे, आणि त्या तिघांचा ट्रिगर तीन तऱ्हेचा होता. म्हणून ऑनलाइन वाचून किंवा पावण्यांच्या सांगण्यावरून घ्यायची नसते, नग निवडायचा असतो. प्रबलची जाहिरात ५० मीटरच्या पल्ल्यावर झाली, मला त्याचं काहीच नव्हतं, दुकानाच्या शटरपासून आमच्या गाडीपर्यंत किती अंतर आहे ते बाजारात आलेल्या कोणालाही माहितीये. मला ती आवडली कारण मूठ बसली, वजनामुळे माशी स्थिर राहिली आणि सिलिंडर बाजूला उघडत असल्यामुळे भरलीय का रिकामी हे एका नजरेत कळतं.

नवीन हातात आल्यावर लगेच बाळगायला सुरुवात करू नका, आधी रेंज. गॉगल, कानाला मफ, आणि पहिली गोळी एकटीच भरायची, मग दोन, मग सगळ्या. अंतर पाच-सात मीटर पुरे, सगळं नुसत्या ट्रिगरने. .३२ चा झटका फार नाही, घाबरण्यासारखं काही नाही, आवाजच जास्त दचकवतो. ट्रिगर दाबला आणि नुसतं टक् झालं तर हत्यार समोर टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडून डोळ्यासमोर आणायचं नाही, कधीकधी गोळी उशिरा उडते. आपली ही काडतुसं खडकीहून येतात, बुडावर केएफ लिहिलेलं असतं. खूप वर्षं लॉकरमध्ये पडलेली असतील तर ती सरावात संपवा आणि बाळगायला ताजी ठेवा. कोटा ठरलेला असतो आणि डीलर प्रत्येक खरेदी लायसनवर चढवतो, त्यामुळे काडतुसं सरावाला वापरायची का जपायची असा प्रश्न लोकांना पडतो. वापरायची. आणि घरी भिंतीसमोर डमी राउंड घालून रोज पाच मिनिटं ट्रिगर दाबत बसायचं, काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत कुलपात.

एक गोष्ट कोणी विचारत नाही पण मी सांगतेच. कायद्याने स्वतःच्या बचावाचा हक्क दिलाय, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्कच लागू होत नाही. चोर बॅग घेऊन पळत सुटला, पाठ आपल्याकडे आहे, तर रिव्हॉल्वर होल्स्टरमध्येच राहणार, हे मी दुकानातल्या पोरांनाही सांगून ठेवलंय. सोन्याचा विमा असतो. हे मनाशी ठरलेलं नसेल तर मॉडेलची चर्चाच करू नये.

कागदपत्रांचं थोडक्यात. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला कलेक्टर ऑफिस. जुनी विकायलाही आधी कळवावं लागतं आणि नवीन घ्यायचीही नोंद होते, त्यामुळे जुनी-नवी बदलायला वेळ लागतो. निवडणूक लागली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते, २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही होत्या. सिंहस्थ असला की बंदोबस्तात शस्त्रबंदीचे आदेश निघतात ते पेपरमध्ये येतात, ते वाचत जा, आपल्याला लायसन आहे म्हणून आपल्याला लागू नाही असं धरून चालू नका.

आणि डीलरकडे जाल तेव्हा रोज घालता तेच कपडे घालून जा, पुरुषांनी रोजचाच पट्टा लावा, बायकांनी रोजचा कुर्ता, मूळ लायसन बरोबर ठेवा, आणि शनिवार-रविवार सोडून सकाळी लवकर जा म्हणजे तो माणूस घाई करणार नाही. बरोबर कोणाला न्यायचं असेल तर ज्याच्याकडे वर्षानुवर्षं आहे आणि जो फार बोलत नाही अशाला न्या. मला घेऊन जायचं असेल तर मंगळवारी दुपारी मी मोकळी असते.