पडलेला वारा आणि ३१ सेकंद

हंगामातल्या शेवटच्या रविवारी अकरा वर्षांची एक मुलगी पाण्यावर शेवटून तिसरी आली आणि रेस जिंकली. त्याच संध्याकाळी मला सुनावणीला बसावं लागलं. तक्रार तिच्याबद्दल नव्हती, दुपारी मी चढवलेल्या एका झेंड्याबद्दल होती.

मी एका सामुदायिक सेलिंग क्लबमध्ये प्रशिक्षक आहे. तिथल्या बऱ्याचशा नावा सभासदांच्या नाहीत, क्लबच्या आहेत. वर्गणी भरायची, पोहता येतं हे दाखवायचं, लाइफ जॅकेट चढवायचं आणि शिकायला लागायचं. शनिवारी नवख्यांचे वर्ग असतात. पहिल्याच वर्गात नाव मुद्दाम उलटी करायला लावतो आणि मग सेंटरबोर्डवर, म्हणजे नावेच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर उभं राहून, अंगाचा भार टाकून ती सरळ करायला शिकवतो. ती भीती एकदा गेली की बाकीचं शिकवणं सोपं. रविवारी रेस. ज्यांची पाळी असेल त्यांनी त्या दिवशी शीड उभारायचं नाही. त्यांनी रेसची वाट दाखवणारे तरंगते बोये टाकायचे, रेस्क्यू बोट चालवायची, वेळा लिहायच्या. या पाळीच्या यादीवरून क्लबात जेवढी भांडणं होतात तेवढी नावांच्या धडकांवरूनही होत नाहीत.

रेस ऑफिसरचं, म्हणजे रेस चालवण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. प्रशिक्षकाला रविवारी दुसरं काम नसतं, असा सर्वांचा समज आहे.

आमच्याकडे सगळ्या जातींच्या नावा एकत्र सुटतात. वेगवेगळ्या रेस लावायला तेवढ्या नावाच नाहीत. एकीकडे लेझर: सव्वाचार मीटर लांब, सात चौरस मीटरचं एकच शीड, एकट्याने चालवायची, वाऱ्यात अक्षरशः उसळणारी. दुसरीकडे ऑप्टिमिस्ट: २.३ मीटरची, पुढून सपाट, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची. १९४७ मध्ये क्लार्क मिल्स यांनी ती आखली तेव्हा मुलांना घरच्या घरी बांधता यावी असा विचार होता, आणि तिच्याकडे पाहिलं की ते पटतं. अधेमधे दोघांनी चालवायच्या जुन्या लाकडी नावा. या सगळ्यांची बरोबरी कशी करायची? त्यासाठी ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाची पद्धत आहे. प्रत्येक जातीला एक आकडा. नाव जितकी संथ तितका आकडा मोठा. लागलेल्या सेकंदांना हजाराने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं. ज्याचं उत्तर, म्हणजे सुधारित वेळ, सर्वांत लहान तो जिंकला. आम्ही लेझरला ११०० धरतो आणि ऑप्टिमिस्टला १६४०. म्हणजे लेझर तासाभरात आली, तर ऑप्टिमिस्टला जवळपास दीड तास मिळतो.

हा हिशेब फार गोड आहे, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो. सगळ्यांना सारखाच वारा मिळाला, ही.

त्या दिवशी सुरुवातीला वारा सात नॉट होता, म्हणजे ताशी तेरा किलोमीटरच्या आसपास. एक बोया वाऱ्याच्या तोंडावर, एक खाली, आणि दोन्हींच्या मध्ये आमची कमिटी बोट, म्हणजे रेस चालवणाऱ्या समितीची नाव. तिच्यापासून एका छोट्या बोयापर्यंतची काल्पनिक रेषा म्हणजे सुरुवातही आणि शेवटही. दर फेरीला ही रेषा ओलांडायची, अशा तीन फेऱ्या. पहिली नाव ७५ मिनिटांत पोहोचली नाही तर रेस रद्द. हे सगळं आधीच सूचनापत्रात छापलेलं असतं.

सुरुवात नेहमीसारखी झाली. पाच मिनिटं आधी पहिला झेंडा आणि भोंगा. चार मिनिटांवर ‘पी’ झेंडा: निळा, मध्ये पांढरा चौकोन. एक मिनिट उरताना तो खाली, लांब भोंगा. शेवटच्या त्या मिनिटात रेषेमागे जी गर्दी आणि आरडाओरड होते ती लांबून पाहणाऱ्याला भांडणच वाटते. ‘स्टारबोर्ड!’ असा पुकारा झाला की डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची. एवढा एक नियम पाठ असला तरी निम्मे अपघात टळतात. एक लाकडी नाव सेकंदभर आधी रेषेवर आली. मी ‘एक्स’ झेंडा चढवला, भोंगा दिला, ती मुकाट्याने मागे फिरून पुन्हा सुटली.

पहिली फेरी लेझरवाल्या काकांनी अठरा मिनिटांत संपवली. काका म्हणजे क्लबातले जुने खेळाडू. साठी ओलांडलेली, पण वाऱ्यात नावेच्या कडेवर असे लटकतात की तरुणांनी पाहावं. त्या दिवशी त्यांना पहिला नंबर हवाच होता. सगळ्या रेस मिळून होणाऱ्या मालिकेत ते आणि एक नवराबायकोंची लाकडी नाव अगदी खांद्याला खांदा लावून होते. आमच्याकडे पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि ज्याची बेरीज कमी तो वरचा. काका पहिले आले तर मालिका त्यांची. दुसरे आले तर दोघांची बेरीज सारखी होणार, आणि बरोबरीत पहिल्या नंबरांची संख्या मोजतात. तिथे नवराबायको पुढे होते.

दुसऱ्या फेरीत वारा पडला.

एकदम नाही. सात नॉटचा पाच झाला, मग तीन. शिडं लुळी पडली, सुकाणू दाद देईनात. काका नावेत पुढे सरकून जवळजवळ आडवे झाले. पाठीमागचा भाग पाण्यातून उचलला की ओढ कमी होते, म्हणून. मी दर पाच मिनिटांनी वारामापक वर धरून आकडा आणि दिशा लिहीत होते. तेव्हा वहीत लिहायचा कंटाळा आला होता, हे सांगायला हरकत नाही. पंचेचाळीसाव्या मिनिटाला दोन नॉट. काका खालच्या बोयाला वळसा घालून रेषेकडे येत होते, पण अशा गतीने की पाहणाऱ्याला ते थांबल्यासारखेच वाटावेत. या गतीने तिसरी फेरी ७५ मिनिटांच्या आत होणं मला शक्य दिसत नव्हतं.

अशा वेळी दोन वाटा असतात. ‘एन’ झेंडा लावून रेस सोडून द्यायची, किंवा ‘एस’ लावून ती छोटी करायची. नियम दोन्हीला मुभा देतो: वादळी हवा, अपुरा वारा, बोया जागेवरून हलणं, किंवा सुरक्षितता आणि न्याय्यतेला बाध आणणारं दुसरं काही. हंगामाची शेवटची रेस सोडून द्यायची म्हणजे सगळ्यांचा दिवस पाण्यात. मी सत्तेचाळिसाव्या मिनिटाला ‘एस’ चढवला आणि दोन भोंगे दिले. हा झेंडा ‘पी’च्या उलट: पांढरा, मध्ये निळा चौकोन. नवे स्वयंसेवक हमखास गोंधळतात, म्हणून तो मी स्वतःच काढते. पहिली नाव रेषा ओलांडण्यापूर्वी तो वर असला पाहिजे. तो होता. बरोबर बावन्नाव्या मिनिटाला काकांनी रेषा ओलांडली आणि हात वर केला. भोंगा ऐकून त्यांनी शीड सोडून दिलं.

सत्तावन्नाव्या मिनिटाला उजव्या काठाकडून पाण्यावर वाऱ्याची काळी झाक सरकत आली. आधी थोडी, मग पसरलेली. वारामापकावर दहा, अकरा. त्या काठाशी एकच नाव होती, एक ऑप्टिमिस्ट. बाकी सगळे डाव्या बाजूला गेले होते, कारण पहिल्या फेरीत तिकडे फायदा झाला होता. ती मुलगी तिथे कशी, म्हणून नंतर मी विचारलं. वाऱ्याचा अंदाज वगैरे काही नाही. ‘मोठ्यांची शिडं माझा वारा अडवत होती, म्हणून मी लांब गेले,’ इतकंच. नवा वारा तिला सर्वांत आधी मिळाला. ती वरच्या बोयाला वळली आणि खाली येताना तिची ती चौकोनी पेटी पाणी उडवत आली. वेळ ७६ मिनिटं ४० सेकंद. तोवर बऱ्याच मोठ्या नावा कडेला लागून शिडं उतरवत होत्या.

हिशेब मी कमिटी बोटीतच केला, मग पुन्हा केला. काकांचे ३,१२० सेकंद, सुधारित २,८३६. मुलीचे ४,६०० सेकंद, सुधारित २,८०५. फरक ३१ सेकंदांचा. काका दुसरे.

फलकावर निकाल लावल्यावर काका काही बोलले नाहीत. ठरलेल्या मुदतीत त्यांचा लेखी अर्ज आला: रेस समितीच्या चुकीच्या कृतीमुळे माझं नुकसान झालं, भरपाई मिळावी.

सेलिंगमध्ये हा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो शोभेचा नाही. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये, पुसानच्या समुद्रात, कॅनडाचे लॉरेन्स लेमियो फिन या एकट्याने चालवायच्या नावांच्या वर्गात दुसऱ्या क्रमांकावर होते. खवळलेल्या पाण्यात सिंगापूरचे दोन खेळाडू पडलेले पाहून त्यांनी रेस सोडली आणि त्यांना बाहेर काढलं. नंतर पंचमंडळाने त्या रेसचा दुसरा क्रमांक त्यांना बहाल केला. भरपाई ती हीच. पण दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, नुकसान स्वतःच्या चुकीने झालेलं नाही आणि कारण नियमात बसतं, म्हणजे मदतीला धावणं, किंवा समितीची चुकीची कृती असं काही. दोन, नुकसान खरंच झालं आहे.

संध्याकाळी तिघांचं पंचमंडळ बसलं. त्यात एरवी त्या मुलीचे वडील असतात. ते स्वतःहून बाजूला झाले आणि त्यांच्या जागी हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेल्या एक सभासद आल्या. मी समितीच्या वतीने एका बाजूला, काका दुसऱ्या.

काकांनी मुद्दा फार नेमका मांडला. ‘वारा सत्तावन्नाव्या मिनिटाला आला. तू झेंडा लावला नसतास तर मी त्या वाऱ्यात तिसरी फेरी पंधरा मिनिटांत मारली असती. बहात्तर होतात. मर्यादा पंचाहत्तर. म्हणजे वेळेत पोहोचणं शक्य होतं, आणि तुझं कारण उरत नाही.’

खोलीत दोघा-तिघांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर ऐकताना मलाही ते बिनतोड वाटलं.

मी वही पुढे केली. पंधरा मिनिटांवर सात नॉट, तिसाव्याला पाच, चाळिसाव्याला तीन, पंचेचाळिसाव्याला दोन. दिशा तीच. क्षितिजावर बदलाची खूण नाही. पंचांनी एकच प्रश्न विचारला, झेंडा लावताना उजव्या काठाला काही दिसत होतं का? नव्हतं. रेस्क्यू बोट चालवणाऱ्या मुलाला वेगळं विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. नंतर काय झालं यावरून आधीचा निर्णय चूक ठरवता येत नाही, असं पंचांचं मत पडलं. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला पहिली नाव मुदतीत पोहोचण्याची शक्यता कमी दिसत होती, आणि नियमाला तेवढं पुरतं.

गोष्ट इथेच संपली असती. पण हिशेबनीस बाई बराच वेळ कागदावर काहीतरी खरडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘आपण तिसरी फेरी झाली असं धरू.’

काका हसले. ‘धरा.’

‘नव्या वाऱ्यात तुमची फेरी पंधरा मिनिटांची. गुणिले हजार, भागिले अकराशे केलं की ८१८ सेकंद. वारा स्थिर असेल तर ऑप्टिमिस्टची तीच फेरी साधारण साडेबावीस मिनिटांची, आणि तिचेही सुधारित सेकंद जवळपास तेवढेच. आकडेच तसे बसवलेले आहेत. म्हणजे तिसऱ्या फेरीने अंतर बदलत नाही. पण बावन्न ते सत्तावन्न तुम्ही काय करत असता?’

काका गप्प.

‘तुम्ही पडलेल्या वाऱ्यात उभे असता. पाच मिनिटं. सुधारित २७३ सेकंद. ती रेषेवर आली तेव्हा वारा चालूच होता, तिला थांबावं लागलं नसतं. तुम्ही एकतीसऐवजी तीनशे सेकंदांनी हरला असता.’

मला हे दुपारी सुचलं नव्हतं. झेंड्याने काकांचं नुकसान झालं, हे मीसुद्धा मनातल्या मनात मान्य करून बसले होते. वाद फक्त ते नियमात बसतं का एवढाच आहे असं वाटत होतं. प्रत्यक्षात ‘एस’ने त्यांना वाचवलं होतं, पुरतं नाही इतकंच. काकांना हरवलं ते पहिल्या फेरीनंतर कुणाला किती वेळ कसला वारा मिळाला, या गोष्टीने, आणि ती कुठल्याही यादीतल्या आकड्यात मावत नाही.

काकांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला, प्रत्येक भागाकार तपासला. एका ठिकाणी बाईंचा अपूर्णांक चुकला होता तो दुरुस्तही केला. निकालात फरक पडला नाही. अर्ज फेटाळला गेला, मालिका नवराबायकोंना गेली.

पुढच्या महिन्यात समितीच्या बैठकीत ठराव आला, ऑप्टिमिस्टची रेस पूर्ण वेगळी करावी. मुलांनी याला लेखी विरोध केला. मोठ्यांच्या नावा पुढे जाताना पाहूनच आम्ही शिकतो, असं त्यात होतं, शिवाय मोठ्यांना हरवता येतं हेही होतं. बरीच खडाजंगी होऊन मधला मार्ग निघाला: ऑप्टिमिस्ट पाच मिनिटं उशिरा सुटतील, निकाल मात्र एकाच यादीत लागेल. मधला मार्ग सुचवला तो काकांनी. सुरुवातीच्या रेषेवर या पोरांच्या डब्यांतून वाट काढताना आपल्याला धाप लागते, असं कारण त्यांनी इतिवृत्तात लिहायला लावलं.