कोण उद्धट होतं?

इच्छामरणावरच्या वादसभेनंतर मला जे निरोप आले, त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: उत्तर द्यायला उभ्या राहिलेल्या परिचारिकेला, त्या सिस्टरना, वेळीच आवरायला हवं होतं. काहींनी तर त्यांना पुढच्या सभेची लिंकच पाठवू नये असं सुचवलं. मला हे पटलेलं नाही. का पटलं नाही ते दोन ओळींच्या उत्तरात मावत नव्हतं, आणि त्या संध्याकाळचा एक प्रश्न माझ्यापुरताही अजून सुटलेला नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते. शिवाय महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर मराठीतून वादसभा भरते, तिथे मध्यस्थ असते. पुण्या-मुंबईचे लोक येतात, तालुक्याच्या गावांतले येतात, दुबई आणि न्यू जर्सीतलेही येतात. एक वक्ता पक्ष मांडतो, दुसरा उत्तर देतो, मग सभेचे प्रश्न. मध्यस्थ म्हणजे घड्याळ पाहणारा, असा समज आहे. घड्याळ फोनही पाहतो. मध्यस्थाने पाहायचं ते हे, की बोलणं मुद्द्यावरून माणसावर कधी घसरलं, आणि ते घसरता क्षणीच ओळखायचं.

पडद्यावरच्या वादात काही गोष्टी बाहेरच्याला दिसत नाहीत. एकट्यालाच म्यूट केलं तर तो हरल्यासारखा दिसतो, म्हणून थांबवायचं तेव्हा मी सगळ्यांनाच म्यूट करते. चॅट बंद ठेवते. पडद्यावर उडणाऱ्या बदाम-टाळ्यांच्या खुणाही बंद असाव्यात असा माझा आग्रह असतो, कारण समोरच्याच्या वाक्यावर बदाम उडताना दिसले की वक्ता मुद्दा सोडून सभेची मनधरणी करू लागतो. त्या दिवशी संयोजकांनी "सभा जिवंत वाटते" म्हणून ते सुरू ठेवले होते. सगळ्यांत मोठी गोष्ट नेटवर्कची. मोबाइलच्या नेटवर जोडलेल्या माणसाचा आवाज क्षणभर उशिरा पोचतो. समोरचा थांबला असं समजून तो बोलायला लागतो, तोवर समोरच्याने पुढचं वाक्य सुरू केलेलं असतं. ऐकणाऱ्यांना वाटतं, हा मध्येच तोडतोय. फायबरचं कनेक्शन असलेला माणूस आपोआप सभ्य ठरतो. सिस्टर विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातून मोबाइलवरून बोलत होत्या. त्या उद्धट आहेत हे मत पहिल्या दहा मिनिटांत कसं तयार झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

विषय होता: उपचार थांबवून मरू देणं आणि इंजेक्शन देऊन मरण घडवणं, यांत नैतिक फरक आहे का? आपल्याकडे कायदा हा फरक मानतो. सर्वोच्च न्यायालयाने, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात, २०११ मध्ये उपचार काढून घेण्याची वाट कडक अटींवर खुली केली. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं, २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया थोडी सोपी केली. इंजेक्शन मात्र आजही गुन्हाच आहे.

पक्ष मांडणारे सर निवृत्त प्राध्यापक, अभ्यासू आणि मृदू बोलणारे. त्यांनी अमेरिकन तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांचा १९७५ चा प्रसिद्ध युक्तिवाद घेतला. वारशाच्या लोभाने एक माणूस लहान चुलतभावाला बाथटबमध्ये बुडवतो. दुसरा त्याच हेतूने जातो, पण मूल स्वतःच घसरून बुडतं आणि हा नुसता पाहत उभा राहतो. दोघांत दुसरा कमी दोषी आहे का? नसेल, तर मारणं आणि मरू देणं यांत मुळातच फरक आहे असं म्हणता येत नाही. मांडणी चोख होती. ओघात सर एक वाक्य बोलून गेले: "अशा अवस्थेत रुग्णाला काहीच जाणवत नसतं, हे तर उघड आहे." हे वाक्य लक्षात ठेवा.

सिस्टरांची सारी नोकरी अतिदक्षता विभागातली. त्यांचं पहिलंच वाक्य असं आलं: "सर, तुम्ही कधी कोणाची नळी काढली का? पुस्तकातलं मरण आम्हाले नका सांगू." सभा चपापली. सर शांतपणे हसून म्हणाले, "ताई, तुम्ही आयुष्यभर जे सोसलं त्याचा मला आदर आहे. इतक्या वेदना पाहिलेल्या माणसाकडून या विषयात तटस्थ विचाराची अपेक्षा करणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. आपण त्यांच्या भावना समजून घेऊ या." पडदाभर बदाम उडाले.

मी सगळ्यांना म्यूट केलं आणि सांगितलं की दोन्ही वाक्यं माणसावर गेली आहेत, दोघांनीही आपलं म्हणणं मुद्द्याच्या रूपात पुन्हा मांडावं. सिस्टरांना सांगितलं याचं कुणालाच नवल वाटलं नाही. सरांना सांगितल्यावर मात्र नाराजी पसरली. "मी तर कौतुक केलं," असं सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते याबद्दल मला शंका नाही.

सिस्टरांच्या वाक्यात धार होती, पण ती समोर दिसत होती. सरांना तिला उत्तर देता येत होतं: "नळी काढली नाही, तरी माझा तर्क तपासा." सरांच्या वाक्याला सिस्टर काय उत्तर देणार? चिडल्या असत्या तर भावनाप्रधान ठरल्या असत्या. गप्प बसल्या असत्या तर सरांचं म्हणणं मान्य केल्यासारखं झालं असतं. त्यांनी मुद्दा मांडण्याआधीच त्यांचं यापुढचं सगळं बोलणं दुःखाच्या खात्यात जमा झालं होतं. समोरच्याच्या बोलण्याचं दार इतकं पक्कं शिवी देऊन कधी लावता येत नाही, कारण शिवी दिली की सभा शिवी देणाऱ्यावर उलटते. सभ्यतेचे नियम नुसत्या सुरावर बेतले की प्रमाण भाषेत, सावकाश आणि वाक्य पूर्ण करून बोलणाऱ्याला मोकळं रान मिळतं. आपल्या मराठी सभांमध्ये हे सर्रास चालतं आणि त्याला आपण सुसंस्कृतपणा म्हणतो, याचा मला राग येतो.

सिस्टरांनी मुद्दा मांडला तो असा: "व्हेंटिलेटर काढला की पेशंट मरतेच असं नाही. कधी स्वतः श्वास घेते. मी तिथं उभी राहून पाहतो, परत लावायचा तर लावता येते. इंजेक्शन दिल्यावर पाहायचं काही उरत नाही. मग दोन्ही एक कसे?"

हा रेचल्सच्या युक्तिवादाच्या वर्मावर बोट ठेवणारा आक्षेप आहे. बाथटबच्या दाखल्यात शेवट आधीच ठरवून दिलेला असतो, मूल मरणारच. वॉर्डात तो ठरलेला नसतो. अमेरिकेतल्या, दीर्घ बेशुद्धीत असलेल्या कॅरेन अ‍ॅन क्विनलनचा व्हेंटिलेटर न्यायालयाच्या निकालानंतर १९७६ मध्ये काढला, तेव्हा ती लगेच जाईल असाच अंदाज होता. ती स्वतः श्वास घेत राहिली आणि १९८५ मध्ये वारली. सिस्टरांना हे नाव ठाऊक नसेल, पण मुद्दा त्यांच्या हातात होता, आणि तो सभेपुढे येता येता राहिला असता.

मग मी सरांना आमच्या सभेचा नियम पाळायला सांगितला: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की त्याने स्वतः "हो, हेच" म्हणावं. हा नियम काही माझ्या डोक्यातून आलेला नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, वादात हार ठरवणारी बावीस निग्रहस्थानं सांगितली आहेत, त्यांत अननुभाषण हे एक आहे: सभेला कळलेलं आणि तीनदा सांगितलेलं प्रतिपक्षाचं म्हणणं ज्याला परत उच्चारता येत नाही, तो हरला. सरांनी सुरुवात केली, "ताईंना तो प्रसंग असह्य होतो, म्हणून..." सिस्टर म्हणाल्या, "नाही, हे माझं म्हणणं नाही." सरांनी पुन्हा मांडलं, पुन्हा तेच झालं. अखेर ते थोडं थांबले आणि म्हणाले, "परिणाम अनिश्चित असेल तर कृतीही वेगळी ठरते, असं तुमचं म्हणणं आहे." "हो, हेच." त्यानंतरची वीस मिनिटं ही मी ऐकलेल्या उत्तम वादांपैकी होती. सरांनी उत्तरही तोलामोलाचं दिलं: नळी काढल्यावर रुग्ण जगला तर त्याचे हाल वाढण्याचीही शक्यता असते, मग ही अनिश्चितता नेहमी त्याच्या बाजूची कशी मानायची? एकही बदाम उडाला नाही.

आता न सुटलेला प्रश्न. "तुम्ही कधी नळी काढली का?" हे सगळंच वाक्य बाद होतं का?

रेचल्सच्या तर्कापुरतं नक्कीच बाद. तर्क कुणीही मांडो, तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो किंवा पडतो. पण "रुग्णाला काहीच जाणवत नसतं, हे उघड आहे" याला सरांनी कुठलाही आधार दिला नव्हता. ते आपण त्यांच्या शब्दावर मानायचं होतं. आणि शब्द प्रमाण मानायचा तर बोलणारा आप्त आहे का, म्हणजे त्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे का, हे विचारावंच लागतं. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन सांगतो की आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. तिथे प्राध्यापक आणि परिचारिका असा भेद टिकणार नाही. आणि ती गोष्ट उघड तर अजिबात नाही. २००६ मध्ये मेंदूवैज्ञानिक एड्रियन ओवेन यांच्या गटाने अशाच, म्हणजे डोळे उघडे पण भान नाही असं मानलेल्या अवस्थेतल्या एका तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितलं, आणि तिच्या मेंदूच्या चित्रात निरोगी माणसासारखाच प्रतिसाद दिसला.

कुणाचा शब्द ग्राह्य धरायचा, हा प्रश्न अरुणा शानबाग खटल्यातही न्यायालयापुढे होताच. १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इच्छामरणाची याचिका पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती, आणि परिचारिकांचा तिला विरोध होता. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने विराणींना न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. तिथे जवळीक ग्राह्य धरली गेली. आमच्या सभेत तीच जवळीक तटस्थतेच्या आड येणारी ठरत होती.

म्हणजे सिस्टरांचं एकच वाक्य एका दाव्याच्या संदर्भात वैयक्तिक हल्ला होतं आणि दुसऱ्या दाव्याच्या संदर्भात रास्त उलटतपासणी. ऐन सभेत, सगळे म्यूट असताना, ते दोन धागे सोडवून दाखवायचे कसे? वाक्य मागे घ्यायला लावलं तर रास्त प्रश्नही मागे जातो. राहू दिलं तर पुढच्या सभेत प्रत्येक जण "तुम्हाला अनुभव आहे का?" एवढ्यावर समोरच्याला गप्प करेल, आणि ज्याच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही त्याने या विषयावर विचारच करायचा नाही असं होईल. सध्या मी एक पोटनियम लिहून पाहते आहे: अनुभवाचा प्रश्न विचारणाऱ्याने समोरच्याच्या नेमक्या कोणत्या विधानाला तो लागू आहे हे आधी सांगायचं. संयोजकांना तो फार किचकट वाटतो.

सिस्टरांना लिंक गेली आहे. त्यांचा निरोप आला की त्यांना यापुढे उत्तर देण्याची पाळी नको, पक्ष मांडायची हवी. त्यांचं म्हणणं योग्य आहे. जो आधी बोलतो तो वादाचे शब्द आणि दाखले ठरवतो, आणि आमच्याकडे आजवर तो मान बहुतेक वेळा पदव्या असणाऱ्यांकडेच गेला आहे. पुढच्या महिन्यात वैद्यकीय इच्छापत्रावर सिस्टर पक्ष मांडतील. उत्तरपक्षासाठी मी सरांना विचारलं आहे. त्यांचं अजून हो किंवा नाही आलेलं नाही.